बर्मिंगहॅममध्ये ‘नो-गो एरिया’ आहे म्हणे!

ठाण्याच्या आमच्या फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय: इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये म्हणे ‘नो-गो एरिया’ आहेत, म्हणजे मुस्लिम नसलेल्यांनी पाऊलही टाकू नये असे भाग. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी बर्मिंगहॅमलाच राहते आणि इथे असा एकही भाग नाही.

ही अफवा गाजली जानेवारी 2015 मध्ये. फॉक्स न्यूजवर स्टीव्ह इमर्सन नावाच्या ‘दहशतवाद तज्ज्ञा’ने ठोकून दिलं की बर्मिंगहॅम पूर्ण मुस्लिम शहर आहे, इतर लोक तिथे फिरकतच नाहीत. 2011 च्या जनगणनेत इथे मुस्लिम होते सुमारे 22 टक्के! तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन म्हणाले, ऐकून मला लापशीचा ठसका लागला. त्या माणसाला त्यांनी सरळ मूर्ख ठरवलं. इमर्सनने माफी मागितली, वाहिनीनेही मागितली. पण माफी कोण फॉरवर्ड करतं?

खरे नो-गो एरिया होते उत्तर आयर्लंडमध्ये. डेरी शहरातल्या बॉगसाइड भागात लोकांनी रस्त्यांवर अडथळे रचले आणि ‘फ्री डेरी’ जाहीर केलं. आत पोलीस नाहीत, लष्कर नाही. 1969 ते 1972 या काळात हे चढउतार होत राहिले. शेवटी 31 जुलै 1972 ला ‘ऑपरेशन मोटरमन’ करून हजारो सैनिकांनी ते अडथळे हटवले. म्हणजे मज्जाव होता तो सरकारला. बाजारहाटाला निघालेल्या बाईला नव्हे.

आता इथले लोक हा शब्द गप्पांतही सहज वापरतात. ऑफिसात पगाराचा विषय नो-गो एरिया, सासूसमोर राजकारण नो-गो एरिया. सरकारी पाटीवर मात्र मला तो कधी दिसलेला नाही. तिथे ‘नो एंट्री’ असतं, नाहीतर आपल्याकडच्या लष्करी तळांबाहेर असतं तसं ‘प्रतिबंधित क्षेत्र’.

त्या व्हिडिओवाल्यांना ज्या भागांची भीती वाटते, तिथल्याच लेडीपूल रोडवर मी कढीपत्ता आणि मेथी आणते. उन्हाळ्यात पाकिस्तानी चौसा आंब्याच्या पेट्या येतात. हापूसची सर नाही, पण पेटी दोन दिवसांत संपते. भाव करायला हिंदी पुरते.

व्हिडिओ टाकणाऱ्या मावशीला एकच विचारते. मुस्लिमबहुल मुंब्रा आपल्या ठाणे महापालिकेतच आहे ना? नवरात्रात मुंब्रादेवीचा डोंगर चढतेस, आणि एरवी मुंब्र्याचं नाव काढलं की “तिकडे कशाला गं?” कळव्यानंतर मुंब्रा येतं, असं लहानपणी तूच मला स्टेशनं पाठ करताना सांगायचीस.