आबोलीचे हलके तोंड

आमच्या साडेचार वर्षांच्या आबोली घोडीचे तोंड फार हलके आहे, असे मी पावसाळा संपल्यापासून महिनाभर भेटेल त्याला सांगत होते. लगाम बोटांत धरला तरी त्याचे वजन जाणवत नसे आणि मान छान कमानदार दिसे. गोव्यातल्या डिचोलीत भातकापणी झालेल्या शेतात काढलेले तिचे छायाचित्र तर मी अभिमानाने मिरवीत होते. आयुष्यभर घोड्यांत वावरलेल्या एका काकांनी ते पाहिले आणि एवढेच विचारले, "बाये, हिचें नाक खंय गेलें?" नाक छातीकडे वळलेले होते, आणि मानेचा जो सर्वांत उंच भाग कानांच्या लगेच मागे असायला हवा, तो वीतभर खाली सरकला होता. तोंड हलके लागत होते, कारण आबोली कडियाळ्याला, म्हणजे लगामाला जोडलेल्या तोंडातल्या दांडीला, टेकतच नव्हती; ती त्याच्यामागे दडून चालत होती.

कमानदार मानेचा हा मोह मला कुठून जडला, याचा मी विचार केला. शिगम्यात घोडेमोडणीचे नर्तक कमरेला लाकडी घोडा बांधून, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन नाचतात. त्या घोड्यांच्या माना लहानपणापासून माझ्या डोळ्यांत बसलेल्या आहेत. लाकडी घोड्याला अर्थातच पाठ उचलावी लागत नाही.

लगामातून हात आणि घोड्याचे तोंड यांच्यात राहणारा स्थिर, मऊ संबंध, स्वार ज्याला कॉन्टॅक्ट म्हणतात, तो हाताने निर्माण होत नाही. मागचे पाय नेटाने पोटाखाली येतात, पाठ किंचित उचलली जाते आणि त्या ओघात मान लांबून तोंड आपण होऊन हातापर्यंत येते. जर्मन प्रशिक्षणपद्धतीच्या सहा पायऱ्यांत लय आणि शरीराचा मोकळेपणा यांच्यानंतर कॉन्टॅक्टचा क्रमांक तिसरा लागतो, तो याचसाठी. मी थेट तिसरीवर चढले होते.

तरीही हाताला दोष देण्याआधी मी पशुवैद्यांकडून तिचे तोंड तपासून घेतले, आणि हे सर्वांत आधी करायला हवे होते असे आज वाटते. कडियाळे जिभेवर आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधल्या बिनदातांच्या हिरडीवर बसते. तिथे हाडावर पातळ आवरणाखेरीज काही नसते. त्यात घोड्याचे दुधाचे दात साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडतात, म्हणजे नेमक्या त्याच वयात ज्या वयात आपण त्याला लगाम शिकवतो. आबोलीच्या वरच्या दाढांपुढे करंगळीच्या नखाएवढा एक निरुपयोगी दात निघाला. तो काढल्यावर जखम भरेपर्यंत तीन आठवडे कडियाळे बंद ठेवून फक्त मोहरकीवर, म्हणजे तोंडात काही न घालता डोक्याला बांधायच्या दोरीवर, काम केले. जाड कडियाळे सौम्य असते म्हणून मी मुद्दाम जाड घेतले होते. पण तिच्या लहानशा, जिभेनेच भरलेल्या तोंडात त्याला जागा नव्हती. आता थोडे बारीक, दोन सांध्यांचे वापरते.

पुन्हा सुरुवात दुडकीपासून केली. साध्या चालीत घोड्याचे डोके प्रत्येक पावलाला पुढे-मागे डोलते आणि हात कोपरातून त्याच्याबरोबर गेला नाही तर दर पावलाला तोंडाला हिसका बसतो. दुडकीत डोके बरेच स्थिर राहते, त्यामुळे माझ्यासारख्या शिकाऊ हातांकडून चुका कमी होतात. मोठ्या वर्तुळावर आधी पायाने पुढे ढकलायचे आणि हात मागे न नेता जागच्या जागी मऊ ठेवायचा. ती नाक आत घेऊ लागली की दयेपोटी लगाम सैल सोडावासा वाटे. पण सैल झालेला लगाम पुढच्याच क्षणी ताठ होतो, आणि तिचा अविश्वास मुळात या झटक्यांमुळेच होता. म्हणून अशा वेळी हात किंचित वर घ्यायचे, लगामातला संबंध तुटू द्यायचा नाही आणि चाल वाढवायची.

परीक्षा रोज एकच असे. दुडकी चालू असतानाच लगाम बोटांतून हळूहळू सरकू द्यायचा. घोडी तोंड हलवत, मान पुढे आणि खाली लांबवत त्याच्या मागोमाग गेली तर ठीक. तिने हिसडा मारला किंवा मान तशीच गुंडाळून ठेवली तर त्या दिवसाचे काम फसले.

पहिले कित्येक दिवस ते फसलेच. माघात एका सकाळी अचानक दोन्ही हातांत वजन आले आणि ती ओढते आहे असे वाटून मी घाबरून आवळायलाच निघाले होते. पण वजन स्थिर होते, जिवंत होते, आणि बोटे उघडताच मान गवतापर्यंत उतरली. काकांना त्या दिवसाचे छायाचित्र दाखवले. त्यात नाक पुढे आहे आणि मानेला कमान अशी नाहीच. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि उजवा लगाम अजून रिकामा दिसतो, असे म्हणाले. ते खरे आहे. डावीकडे ती निर्धास्त टेकते, उजवीकडे नाही. सध्या आमची सगळी वर्तुळे त्याच बाजूसाठी चालली आहेत.