अमेरिकेत भाड्याची गाडी घेताना आधी समोरच्याचा विचार करा

शाळांना सुट्ट्या लागल्या की जळगाव, धुळे, चाळीसगावकडची माणसं आमच्याकडे टेक्सासला येऊ लागतात. आपल्याकडे शिर्डीला किंवा सप्तशृंगीला जायचं तर ड्रायव्हरसकट गाडी सांगतात. इथे विमानतळावर गाडी ताब्यात घ्यायची आणि आपणच चालवायची. भाडं आधी ठरलेलं असतं, पण काउंटरवर एकेक विमा समोर येऊ लागतो आणि आकडा झपाट्याने चढतो. आमचे जिभाऊ "इतला पैसा कसाले?" म्हणत सगळ्याला नाही म्हणाले असते. परक्या देशात भानगड नको म्हणून सगळ्याला हो म्हणणारेही पुष्कळ आहेत. मला दोन्ही पटत नाही.

बहुतेकांचं लक्ष गाडीवरच असतं. ओरखडा पडला, बंपर चेपला, गाडी चोरीला गेली तर काय? त्यासाठी असतो 'डॅमेज वेव्हर'. खरं तर हा विमाच नव्हे. नुकसानीचे पैसे तुमच्याकडे मागणार नाही, असं कंपनीने लिहून दिलेलं असतं. तो नसेल तर दुरुस्तीच्या खर्चावर गाडी गॅरेजमध्ये पडून राहिली त्या दिवसांचं भाडंही लागू शकतं. तरीही गाडीचं नुकसान किती झालं तरी साधारण गाडीच्या किमतीपर्यंत जातं. त्याला शेवट आहे.

माणसाला लागलं तर त्याला शेवट नाही. इथल्या दवाखान्याचं बिल ज्याने पाहिलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टेक्साससारख्या राज्यात कायद्याने सक्तीचा विमा म्हणजे एका जखमी माणसामागे ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून ६०,००० आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी २५,००० डॉलर. एक मोठी शस्त्रक्रिया झाली की हे पैसे संपले. त्यावरची रक्कम चालवणाऱ्याकडे मागितली जाते, आणि २००५च्या एका केंद्रीय कायद्यामुळे निव्वळ मालक म्हणून भाड्याच्या कंपनीला सहसा जबाबदार धरता येत नाही. आपल्याकडे थर्ड पार्टी विम्यात न्यायाधिकरण भरपाई ठरवतं आणि विमा कंपनी ती भरते, अशी आपली सवय. ती सवय घेऊन इथे गाडी चालवू नका. पैसे वाचवायचेच असतील तर इतर कुठेही वाचवा, पण वाढीव लायबिलिटी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीसाठीचा जास्तीचा विमा, घ्याच. इथे राहणाऱ्यांची स्वतःच्या गाडीची पॉलिसी बहुधा भाड्याच्या गाडीलाही लागू होते. भुसावळहून आलेल्या काकांकडे ती नसते, म्हणून त्यांच्यासाठी ही गोष्ट जास्त महत्त्वाची.

क्रेडिट कार्डावर विमा फुकट मिळतो, असं कोणीतरी हमखास सांगतं. इथल्या काही कार्डांवर मिळतो, पण तो भाड्याच्या गाडीच्या नुकसानीपुरता. समोरच्या माणसाला लागलं तर त्याचा उपयोग नाही. भाडं त्याच कार्डावर भरावं लागतं आणि कंपनीचा वेव्हर नाकारावा लागतो. भारतातल्या कार्डाच्या भरवशावर मात्र बसू नका, अटी लेखी पाहिल्याशिवाय तर नाहीच.

स्वतःच्या अपघाताचा आणि सामानाचा विमाही काउंटरवर विकतात. भारतातून निघताना चांगला प्रवास विमा काढला असेल तर औषधपाणी त्यात येतं, मग हे दोन्ही सोडले तरी चालतात. पण प्रवास विमा आहे म्हणजे गाडीचंही भागलं, असं धरू नका.

हे सगळं घरी बसून, बुकिंगच्या वेळीच ठरवा. बाहेरच्या देशातून बुक केलं तर काही दरांत वेव्हर आणि लायबिलिटी आधीच धरलेली असते. पावतीत तसं लिहिलं असेल तर काउंटरवर तीच गोष्ट पुन्हा विकत घेऊ नका. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही सोबत हवंच.

आणि करारावर ज्याचं नाव नाही त्याच्या हाती स्टिअरिंग देऊ नका. लांबच्या रस्त्यावर थकवा आला म्हणून भाऊ किंवा मेहुणा चालवायला बसतो, आणि नेमका तेव्हा अपघात झाला तर पैसे भरून घेतलेला विमा कंपनी नाकारू शकते. दुसऱ्या ड्रायव्हरचे रोजचे काही डॉलर जास्त लागले तरी त्याचं नाव पहिल्याच दिवशी करारात घालून घ्या.