अमोनियाचे कारंजे वर्गात दाखवताना

काही वायू पाण्यात फार विरघळतात, हे विद्यार्थी पाठ करतात. पण ‘फार’ म्हणजे किती, हे आकडा सांगून त्यांच्या मनात ठसत नाही. साधारण 20 अंश सेल्सिअसला एक लीटर पाण्यात सुमारे 700 लीटर अमोनिया मावतो, तर कार्बन डायऑक्साइड एक लीटरहूनही थोडा कमीच. हा फरक डोळ्यांनी दिसावा, म्हणून यंदा मी वर्गात अमोनियाचे कारंजे करून दाखवले.

सगळी भिस्त चंबूच्या कोरडेपणावर असते. आत पाण्याचे चार-पाच थेंब राहिले, तरी बराच वायू त्यांतच विरून जातो; म्हणून चंबू आदल्या दिवशीच धुऊन ओव्हनमध्ये वाळवला. तो गोल बुडाचा आणि जाड काचेचा घेतला, कारण आतला दाब एकाएकी उतरला की सपाट बुडाचे भांडे फुटण्याचा धोका असतो. खिडक्या उघडून, डोळ्यांना चष्मा लावून नवसागर आणि विरलेला चुना यांचे मिश्रण परीक्षानळीत तापवले. नळीचे तोंड किंचित खाली कललेले ठेवले, कारण या अभिक्रियेत पाणीही तयार होते आणि ते तापल्या काचेवर उलट ओघळले तर नळी तडकते. निघालेला वायू कळीच्या चुन्यावरून नेऊन कोरडा केला. सल्फ्युरिक आम्ल इथे उपयोगाचे नाही, कारण अमोनिया त्याच्याशीच संयोग पावतो. हवेपेक्षा हलका असलेला हा वायू उपड्या चंबूत गोळा केला आणि तोंडाशी धरलेला ओला तांबडा लिटमस निळा होताच बूच बसवले.

बुचातून निमुळत्या टोकाची काचनळी आत गेलेली होती, तर तिचे खालचे टोक फिनॉल्फ्थॅलिन (अमोनियासारख्या अल्कलीमुळे गुलाबी होणारा दर्शक) घातलेल्या रंगहीन पाण्यात बुडालेले होते. बुचात बसवलेल्या ड्रॉपरमधून थोडे पाणी आत सोडले. खालचे पाणी नळीतून आधी संथपणे चढले आणि टोकाशी पोहोचताच गर्द गुलाबी होऊन चंबूत उसळले.

“चंबूने पाणी ओढून घेतले,” असे बहुतेकांनी सांगितले. वायू विरघळल्याने आतला दाब घटला आणि बाहेरच्या हवेने पाणी वर ढकलले, हे पटवण्यात मी मुद्दाम बराच वेळ घालवला, कारण प्रयोगाचा गाभा तोच आहे. मग एका मुलीने विचारले, की चंबू पूर्ण का भरला नाही? वर उरलेला बुडबुडा हा हवेचा होता. चंबू सुलटा करून ती रिकामी जागा मोजपात्रातल्या पाण्याने भरायला आणि त्यावरून सुरुवातीला आत किती अमोनिया होता हे काढायला मी त्यांनाच सांगितले.