तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरची मुलं आणि नवा पंतप्रधान

प्रश्न जवळपास ठरलेला असतो. इथे असो की परदेशात, कुठेतरी नवा पंतप्रधान येतो आणि जळगाव-धुळ्याकडे कुणीतरी विचारतंच: "आपली जी मुलं बाहेर आहेत, त्यांना हा माणूस कसा वाटतो? आणि खरं सांगा, ती मुलं अजून आपली आहेत की तिकडची झाली?" अमळनेरच्या बाजूला हाच प्रश्न अहिराणीत तीन-चार शब्दांत येतो, "तो आपला शे का?", म्हणजे तो आपला आहे का? यातला 'तो' म्हणजे कधी पंतप्रधान असतो, कधी स्वतःचाच पोरगा.

उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण 'बाहेरची मुलं' हा एकच गठ्ठा नव्हे. एखाद्याचं मत ऐकायच्या आधी त्याच्याकडे पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, व्हिसा कोणता आहे आणि गावच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे का, एवढं विचारून घ्यावं. बरीचशी मतं तिथेच उलगडतात. अभिमान, देशप्रेम वगैरे खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण कागद बदलला की त्या अभिमानाचा सूर बदलतो, हे इतक्या वेळा दिसतं की आता त्याचं नवल वाटत नाही.

सगळ्यांच्या लक्षात असलेलं उदाहरण ऋषी सुनक यांचं. २४ ऑक्टोबर २०२२ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, हुजूर पक्षाने त्यांना नेता निवडलं आणि दुसऱ्या दिवशी ते ब्रिटनचे पंतप्रधान झाले. इकडे फटाके तसेही वाजतच होते, त्यात हे एक निमित्त मिळालं. सुनक जन्मले साउदॅम्प्टनमध्ये. आईवडील पूर्व आफ्रिकेत जन्मलेले, वडिलांकडचं घराणं मूळ गुजरांवालाचं, आणि गुजरांवाला आज पाकिस्तानात आहे. म्हणजे 'आपला' म्हणताना आपण नकाशावर बराच लांबचा वळसा घेत होतो. त्यांच्या आधी दोनच महिन्यांपूर्वीपर्यंत पंतप्रधान असलेले बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले, तरी ते मूळचे कुठले हे कुणी फारसं विचारलं नव्हतं. आणि सुनक यांच्या पत्नी मात्र खरोखर भारताच्या नागरिक होत्या. म्हणजे ज्यांच्याकडे भारताचा कागद होता त्यांच्याबद्दल पारावर चर्चा कमी झाली, ज्यांच्याकडे नव्हता त्यांच्याबद्दल जास्त.

तिकडे राहणाऱ्यांना काय वाटलं? जे तिथेच जन्मले किंवा ब्रिटिश नागरिक झाले, त्यांना सुखावणारी गोष्ट वेगळी होती. शाळेत ज्या रंगावरून चिडवलं, त्या रंगाचा माणूस टेन डाउनिंग स्ट्रीटच्या दारात पणत्या लावतोय, हे त्यांना मोलाचं वाटलं. त्यात खोटं काही नाही. व्हिसावर असलेल्यांचा हिशेब मात्र पौंडांत होता. सुनक यांच्याच सरकारने ६ फेब्रुवारी २०२४पासून आरोग्य अधिभार, विद्यार्थी आणि मुलं वगळता, माणशी वर्षाला ६२४ पौंडांवरून १,०३५ पौंड केला. हा अधिभार व्हिसाच्या अर्जाबरोबर सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. नवरा-बायको तीन वर्षांसाठी जाणार असतील तर ३,७४४ पौंडांच्या जागी ६,२१०, आणि व्हिसाची फी वेगळी. जानेवारी २०२४पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता विद्यार्थ्यांना जोडीदार-मुलं नेणं बंद झालं. ४ एप्रिल २०२४पासून कुशल कामगार व्हिसासाठी किमान पगाराची सर्वसाधारण अट २६,२०० पौंडांवरून ३८,७०० वर गेली. जुलै २०२४मध्ये सुनक गेले, मजूर पक्षाचे स्टार्मर आले, आणि जुलै २०२५मध्ये तीच अट ४१,७०० झाली. पंतप्रधान बदलला, पक्ष बदलला, आकडा वरच गेला. त्यामुळे मास्टर्स करून तिकडे नोकरी शोधणाऱ्या भुसावळच्या पोराला 'आपला पंतप्रधान' म्हटलं तर तो जरा तुटक बोलतो. त्याला दोष देऊ नका.

आता एक गोष्ट अशी, जी ऐकून इथले निम्मे लोक विश्वास ठेवत नाहीत. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारा माणूस तिथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. विद्यार्थी व्हिसावर असला तरीही. कारण राष्ट्रकुल, म्हणजे मुख्यतः जुन्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची संघटना. भारत प्रजासत्ताक होणार हे ठरल्यावरही राष्ट्रकुलात राहील, असं एप्रिल १९४९च्या लंडन जाहीरनाम्यात ठरलं, आणि राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे मताचा हक्क आहे. वय १८, तिथला पत्ता, नॅशनल इन्शुरन्स नंबर (तिथला कर-विम्याचा क्रमांक) असेल तर तो, आणि ऑनलाइन अर्ज, बस्स. शुल्क नाही, किती वर्षं राहिलात अशी अट नाही. केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, त्यात राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो. असं मत दिल्याने भारताचं नागरिकत्व जात नाही. ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतल्यावर, नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ९ प्रमाणे.

पण हा नियम उचलून दुसऱ्या देशात लावू नका, इथेच घोटाळे होतात. अमेरिकेत नागरिक नसलेल्याने संघीय निवडणुकीत मत देणं गुन्हा आहे, ग्रीन कार्ड असलं तरी. लायसन्स काढताना 'मतदार नोंदणी करायची का' या चौकोनावर न वाचता खूण होते आणि ती पुढे नागरिकत्वाच्या अर्जात, कधी थेट हद्दपारीपर्यंत नडते. कॅनडात कायम निवासी म्हणून दहा वर्षं राहिलात तरी संसदेसाठी मत नाही. आखातात तर प्रश्नच नाही, तिथे सर्वसाधारण नोकरदाराला नागरिकत्वाचा रस्ताच नसतो. म्हणून आखातातला माणूस पंतप्रधानाबद्दल बोलतो तेव्हा त्याच्यापुढे एकच पंतप्रधान असतो, भारताचा. रुपयाचा भाव, विमानाचं तिकीट आणि वकिलातीतली रांग, यावर तो त्याला मार्क देतो. मला हे मत सगळ्यात सरळ वाटतं.

अमेरिकेचं आणखी एक त्रांगडं आहे. तिथे ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वावर नव्हे, जन्मदेशावर लागते. चोपड्यात जन्मलेला माणूस कॅनडाचा नागरिक होऊन अमेरिकेत गेला तरी सहसा भारताच्याच रांगेत उभा राहतो. पासपोर्ट बदलला तरी चोपडा सुटत नाही. 'तो आपला शे का' याचं उत्तर निदान अमेरिकेच्या सरकारी तक्त्यात तरी 'हो' असंच आहे.

मग इथल्या पंतप्रधानासाठी त्याला मत देता येतं का? आधी हे स्पष्ट करतो की पंतप्रधानासाठी मत कुणीच देत नाही. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार, यांपैकी आपल्या मतदारसंघाचा खासदार आपण निवडतो, पुढचं लोकसभेचं बहुमत ठरवतं. बाहेर राहणारा भारतीय नागरिक, म्हणजे ज्याने दुसरा पासपोर्ट घेतलेला नाही तो, २०११पासून 'अनिवासी मतदार' म्हणून नोंद करू शकतो. अर्ज नमुना ६अ, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भरता येतो. पासपोर्टवर जो भारतातला पत्ता आहे, त्याच भागाच्या यादीत नाव लागतं. फोटो, पासपोर्टची फोटो-पत्त्याची पानं आणि चालू व्हिसाचं पान जोडायचं. आधीचं मतदार ओळखपत्र असेल तर ते परत करायचं, कारण अनिवासी मतदाराला ओळखपत्र मिळत नाही, मूळ पासपोर्ट हीच ओळख. मग बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, घरी चौकशीला येतो, आणि बऱ्याचदा अर्ज इथेच घसरतो. दारात आई असते. तिला अर्जाचं ठाऊक नसतं. ती सरळ सांगते, "तो नाही राहत इथे, तो दुबईला असतो." खरंच तर सांगते बिचारी. म्हणून अर्ज भरल्याबरोबर घरी फोन करून सांगायचं, नमुना ६अ भरलाय, पासपोर्टची झेरॉक्स कपाटात वरच्या खणात आहे.

एवढं करून मत द्यायला स्वतः यावं लागतं. टपाल नाही, ऑनलाइन नाही, बदली माणूस नाही. बदली माणसाला, म्हणजे प्रॉक्सीला, परवानगी देणारं विधेयक ९ ऑगस्ट २०१८ला लोकसभेत मंजूर झालं होतं, पण राज्यसभेत न होता सोळाव्या लोकसभेबरोबर ते बाद झालं. २०२४मध्ये जळगाव, रावेर आणि नंदुरबारचं मतदान १३ मेला होतं, धुळ्याचं २० मेला. मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात, एका बोटाच्या शाईसाठी, विमानाचं तिकीट काढून येणारे किती असणार? देशभरात सुमारे १ लाख १९ हजार अनिवासी मतदारांची नोंद होती, प्रत्यक्ष मत दिलं तीन हजारांहून कमी लोकांनी, आणि त्यातले बहुतेक केरळचे. म्हणजे लंडनमध्ये राहणाऱ्या रावेरच्या मुलीला स्टार्मर यांच्या बाजूने की विरोधात हे चालत जाऊन ठरवता येतं, रावेरच्या खासदारासाठी मात्र समुद्र ओलांडावा लागतो. बाहेरच्यांना इथलं काय पडलंय, असं म्हणण्याआधी हे लक्षात ठेवलेलं बरं.

ज्याने दुसरा पासपोर्ट घेतला, त्याची गोष्ट वेगळी. तो ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड काढतो आणि घरचे समजतात दुहेरी नागरिकत्व मिळालं. नावात 'सिटिझन' हा शब्द आहे, तोच फसवतो. पोर्तुगालचे पंतप्रधान असताना आंतोनियो कोस्ता यांना जानेवारी २०१७मध्ये बेंगळुरूला ओसीआय कार्ड दिलं गेलं, त्यांचं वडिलांकडचं घराणं गोव्याचं. परक्या देशाच्या पंतप्रधानाला जे कार्ड देता येतं ते नागरिकत्व असू शकत नाही, एवढं एक उदाहरण पुरे. ओसीआयवाल्याला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही. तरी कित्येकांची नावं गावच्या मतदार यादीत तशीच असतात, कारण ती आपोआप निघत नाहीत. नमुना ७ भरून काढावी लागतात. सुट्टीत आलाच आहेस तर टाक मत, असं लाडाने सांगू नका.

आणि शेती. खान्देशात ओळखीचा शेवटचा पुरावा सातबाराच. अनिवासी भारतीय आणि ओसीआय, दोघांनाही भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मात्र येते. यावल-रावेरची केळीची जमीन वडिलांच्या पश्चात अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाच्या नावावर लागू शकते. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे, मृत्यू दाखला, वारसांची यादी, नोटिशीची मुदत, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतो. अडतं ते नावावर. सातबाऱ्यावर एक क्रम, पासपोर्टवर दुसरा, आणि लग्नानंतर मुलीचं तिसरंच. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवावं. मुखत्यारपत्र तिकडून पाठवत असाल तर गट नंबर, क्षेत्र आणि कोणकोणती कामं करायची ते त्यात लिहा, मोघम नको. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा, नाहीतर सगळा खटाटोप पुन्हा. विकायची वेळ आली तर घेणारा भारतात राहणारा हवा, आणि आपल्या राज्यात तो शेतकरीही हवा.

आता जुळवून बघा. केळीच्या बागेचा मालक असलेल्या त्या अमेरिकन मुलाला इथे मत नाही, आणि गुंठाभर जमीन नसलेल्या लंडनच्या मुलीला दोन देशांत मत आहे. यातलं कोण जास्त आपलं, हे ज्याने त्याने ठरवावं. मला हा प्रश्नच जरा अलीकडचा वाटतो. डिसेंबर १९३६मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष नेहरू होते, ज्यांची घडणीची सात वर्षं इंग्लंडमध्ये गेली. गांधीजींची दोन दशकं दक्षिण आफ्रिकेत. नंदुरबारला १९४२मध्ये गोळ्या झेललेल्या शिरीषकुमारची घरची भाषा गुजराती. त्यांच्या बाबतीत आपण 'तो आपला शे का' असं विचारत बसत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी तिकडून पंतप्रधानावर लांबलचक मेसेज आला की वाद घालू नका. मुलगा ब्रिटनमध्ये असेल तर एवढंच विचारा, "तिकडच्या यादीत नाव घातलंस का?" मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी नोंद व्हावी लागते. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत.