हुशार मुलाचं ठीक आहे, बाकीच्या वर्गाचं काय?

शिक्षणातल्या विषमतेबद्दल मी काही बोलले की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी माणसं चांगली असतात, बहुतेकदा स्वतः कष्टातून वर आलेली. "ज्याला शिकायचं असतं तो रस्त्यावरच्या दिव्याखाली बसूनही शिकतो. मग परिस्थिती आणि सरकारी धोरण यांचं एवढं काय घेऊन बसायचं?" आणि लगेच बाबासाहेबांचं उदाहरण दिलं जातं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बाबासाहेबांचंच बघू. त्यांच्या बुद्धीला आणि कष्टांना तोड नाही. पण त्यांचे वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत शिकवत होते, हेही लक्षात घ्या. गावच्या शाळेत महाराच्या मुलाला उंबरठ्याबाहेर बसवलं जायचं, त्या काळात फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवत होते. म्हणून त्या घरात पुस्तकं होती, पाठांतर होतं, मुलांनी शिकावं हा ध्यास होता. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरतीच थांबवली. एका आदेशाने हजारो घरांची ती वाट बंद झाली. पुढे १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिष्यवृत्ती द्यायची हा एका राज्यकर्त्याने घेतलेला निर्णय होता. तशाच बुद्धीची, पण बाप फौजेत नसलेली मुलं त्याच वर्षांत गुरं राखत होती. त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत.

आता माझं खरं म्हणणं सांगते. असामान्य मुलाकडे बघून शिक्षणव्यवस्था जोखता येत नाही. मी बरीच वर्षं वर्गात शिकवलं. कोणत्याही वर्गात दोन-चार मुलं अशी असतात, की त्यांना तुम्ही शिकवा न शिकवा, ती पुढे जातात. बाकीचा वर्ग साधारण बुद्धीचा असतो, आणि देश चालतो तो त्या बाकीच्या वर्गावर. सुखवस्तू घरातलं साधारण मूल दहावीला अडखळलं तर शिकवणी लागते, विषय बदलतो, दुसरं कॉलेज मिळतं, आणि तिशीपर्यंत ते कुठेतरी नीट उभं राहतं. गरीब घरातलं तेवढ्याच बुद्धीचं मूल एकदा नापास झालं की संपलं. श्रीमंताच्या मुलाला साधारण असण्याची मुभा आहे. गरिबाच्या मुलाला ती नाही, आणि विषमता म्हणतात ती मला इथे सगळ्यात उघड दिसते.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट मिळवणाऱ्या संशोधकांच्या नोंदी त्यांच्या बालपणीच्या घरच्या उत्पन्नाशी जोडून पाहिल्या. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं संशोधक होण्याची शक्यता, निम्न उत्पन्न गटातल्या मुलांच्या दहापट निघाली. तिसरीत गणितात सारखेच गुण मिळवणाऱ्या मुलांमध्येही गरीब मुलं मागे पडलेली दिसली. म्हणजे जे शोध लागायला हवे होते ते लागले नाहीत, आणि हा तोटा एकट्या गरिबाचा नाही.

पैशापलीकडचंही काही असतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत शाळकरी मुलांना कागदावरच्या भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात कोणीच पुकारली नाही तेव्हा दलित मुलं सवर्ण मुलांच्या तोडीस तोड होती. गटासमोर नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, की त्यांची कामगिरी स्पष्टपणे घसरली. मुलं तीच, कोडी त्याच प्रकारची. वर्गात हजेरी घेताना, शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना "अमुक जातीचे कोण कोण, हात वर करा" असं अजूनही विचारलं जातं, तेव्हा मला हा प्रयोग आठवतो आणि जीव कळवळतो.

हे सगळं शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडच्या माणसांना नीट कळलेलं होतं. १८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगासमोर जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हा त्यांचा मुद्दा होता. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी. वरच्यांना शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या कल्पनेवर त्यांचा विश्वास नव्हता. १९११ मध्ये गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं. तेही किती मवाळ! नगरपालिका आणि जिल्हा बोर्डांना हवं असेल तर सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्ती लागू करता यावी, एवढंच. १९१२ साली ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. विरोध करणाऱ्यांत सरकारी सदस्यांबरोबर जमीनदारही होते. शेतमजुराचं पोर शाळेत गेलं तर राबणार कोण, ही त्यांची अडचण होती.

पण बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्येच सगळ्या संस्थानात सक्ती लागू केली होती, आणि १९१७ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. शाहूंचं मोठेपण मला दंडाहून जास्त वसतिगृहांत दिसतं. शाळा फुकट केली तरी खेड्यातल्या मुलाने कोल्हापुरात राहायचं कुठे, जेवायचं कुठे, हे त्यांनी आधी पाहिलं. धोरण करणाऱ्याला ही नजर असावी लागते. २००६ साली बिहारने नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, त्यातही ती दिसली. शाळा होत्या, पण लांब होत्या. नंतरच्या अभ्यासात माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं.

इंडोनेशियाचं उदाहरण तर प्रत्येक नियोजनकर्त्याने पाठ करावं. १९७३ पासून पाचेक वर्षांत तिथल्या सरकारने तेलाच्या पैशातून ६१ हजारांहून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. नियम असा, की जिथे शाळेबाहेरची मुलं जास्त तिथे शाळा जास्त. अर्थशास्त्रज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी ती मुलं मोठी झाल्यावर हिशेब मांडला, तर शिक्षणाची वर्षंही वाढलेली होती आणि मजुरीही. यातली बहुतेक मुलं साधारण बुद्धीचीच असणार. त्यांना फक्त जवळ शाळा मिळाली.

उलटं धोरणही असतं. दक्षिण आफ्रिकेत १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने कृष्णवर्णीय मुलांना वेगळं आणि कमी प्रतीचं शिक्षण द्यायचं ठरवलं, ते हिशेबानेच. मजूर हवे होते, अभियंते नको होते. त्या देशातली विषमता आजही मिटलेली नाही.

"हे ठीक, पण एवढा पैसा गरीब देशाने आणायचा कुठून?" हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. दक्षिण कोरिया १९५३ मध्ये युद्धातून उद्ध्वस्त होऊन बाहेर आला. १९५४ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची योजना हाती घेतली आणि १९५९ पर्यंत जवळजवळ सगळी मुलं शाळेत आणली. त्याच्या थोडं आधी जमीन सुधारणा झाली होती, तीन हेक्टरांच्या आसपास कमाल मर्यादा ठरवून. कुळं स्वतःच्या जमिनीची मालक झाल्यावर त्यांना मुलांना शाळेत पाठवणं परवडू लागलं. निर्यातीचे कारखाने आले ते त्यानंतर, साठच्या दशकात. आपल्या संविधानानेही दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न शासनावर सोपवला होता. शिक्षण हक्क कायदा लागू व्हायला एप्रिल २०१० उजाडलं. शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा असं सांगितलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच ६ टक्के लिहिलेले आहेत, कारण आपण तिथवर अजून पोचलेलो नाही.

तो पैसा माझ्या हातात आला तर मी सुरुवात हंगामी वसतिगृहांपासून करेन, म्हणजे आईबाप कामासाठी बाहेर असताना मुलांना गावीच ठेवणाऱ्या वसतिगृहांपासून. ऊसतोडीला आईबाप निघाले की मूलही निघतं, आणि गाळप संपवून परत येईपर्यंत शाळेचं अर्ध्याहून जास्त वर्ष सरलेलं असतं. योजना आहे, पण नुसती कागदावर असून भागत नाही. टोळ्या गाव सोडण्याआधी वसतिगृह उघडलेलं हवं, मुलींच्या रात्रीच्या सोबतीला बाई हवी, आणि दोन वेळचं जेवण असं हवं की आईने निश्चिंत मनाने पोर मागे ठेवावं.