तुलना आणि जलरंगाचा सराव

जलरंग शिकणाऱ्याला दुसऱ्याचे चांगले चित्र पाहून जितका आनंद होतो, तितकेच आपल्या कागदाकडे वळताना मन खट्टू होते. आणि ते चित्र सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांचे असेल, तर विचारायलाच नको. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांची दिवा घेतलेली स्त्री पाहताना हे जलरंगातले काम आहे यावर विश्वास बसत नाही. अशा वेळी तुलना टाळण्यापेक्षा मी तिला प्रश्नाचे रूप देते: हा उजेड नेमका कशामुळे दिसतो? उत्तर बहुधा भोवतालच्या काळोखात सापडते.

मग आकाश रंगवण्याचा सराव सुरू होतो. फळी किंचित तिरकी ठेवायची, कुंचला रंगाने पुरता भरून घ्यायचा, खालच्या कडेला साचलेला रंग पुढच्या फटकाऱ्याने ओढत न्यायचा आणि ओलसर भागाला पुन्हा हात लावायचा नाही. जलरंग सुकल्यावर फिका पडतो हे ठाऊक असूनही तो किती गडद लावायचा, याचा अंदाज हाताला फार सावकाश येतो. (गायकाच्या रियाजाला आपल्याकडे मान आहे, चित्रकाराच्या सरावालाही तो मिळायला हवा.) जुन्या वह्या मी तारखेनुसार लावून ठेवल्या आहेत, आणि नव्या आकाशाची तुलना आता आधी त्यांतल्या आकाशांशी होते.