निपाणीच्या वखारीतला पंखा

निपाणीहून आणलेला पंखा उघडला आणि घरातले सगळे शिंकायला लागले.

तंबाखूची वखार होती ती. बंद पडून बरीच वर्षं झाली, आता पाडून तिथं गाळे काढायचे आहेत, छताला पाच पंखे होते त्यातले चार मी पोचायच्या आधीच भंगारात गेले. पाचवा राहिला कारण तो फार उंचावर होता आणि त्यांची शिडी पुरत नव्हती. मालक म्हणाले, "घेऊन जावा की वो ताई, खरं तो चालत नाही हं, कवाचा जाम झालाय." (आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', पुण्यामुंबईच्या लोकांचा इथं हमखास गोंधळ होतो.) आम्ही बांबूची शिडी भाड्यानं आणली, दोघांनी खाली धरलं, एकानं वर जाऊन पिन काढली आणि दोर बांधून उतरवला. बिडाची बॉडी, वजन असं की एका हातानं उचलतच नाही. पट्टीवरची घाण पुसली तर खाली उषा आणि जय इंजिनिअरिंग वर्क्स, कलकत्ता. छप्पन इंची. मला तिथंच उभ्या उभ्या आनंद झाला.

चालत नाही म्हणजे काय, हे मात्र कुणी बघितलेलं नसतं. आणि मला आज नेमकं हेच लिहायचं आहे, कारण या दोन वर्षांत बेळगाव, खानापूर, चिकोडी, संकेश्वर सगळीकडं मी किती तरी जुने पंखे भंगारात जाताना बघितले, आणि त्यातले निम्मे तरी मेलेले नव्हते असं मला ठामपणे वाटतं. भंगारवाल्याला पंखा नको असतो, त्याला आतलं तांबं हवं असतं आणि बाहेरचं बीड. तांब्यासाठी हातोडा घातला की संपलं, मग त्या पंख्याला कुणीच परत आणू शकत नाही.

बाबांचं बेळगावातल्या शहापुरात वाइंडिंगचं, म्हणजे मोटारीतली तारेची गुंडाळी नव्यानं भरून द्यायचं दुकान होतं. आजूबाजूला मागांची खटखट आणि मध्ये आमचं दुकान, व्हार्निशचा वास, जळक्या कॉइलींचा ढीग. मी शाळेतून आले की पंख्याच्या तीन वायरी ओळखायचं काम माझ्याकडं. जुन्या पंख्यांच्या वायरींवर सुती आवरण असायचं आणि रंग कधीच उडालेला, त्यामुळं मीटर लावून दोन-दोन वायरींमधला रेझिस्टन्स बघायचा, ज्या दोघींत सगळ्यात जास्त येतो त्या बाजूला ठेवायच्या, उरलेली तिसरी कॉमन, म्हणजे पंख्यातल्या रनिंग आणि स्टार्टिंग या दोन वाइंडिंगांना मिळून एक. मग कॉमनपासून एकीला कमी येतो, ती रनिंग, दुसरी स्टार्टिंग. सहावीतल्या पोरीला हे गणितापेक्षा सोपं वाटायचं.

बाबांची एक पद्धत होती आणि माझीही तीच आहे, वाइंडिंगला हात सगळ्यात शेवटी. आधी कंडेन्सर (पंख्याला फिरायला लावणारी छोटी डबी, कपॅसिटर), मग बेअरिंग, मग ओल, आणि हे तिन्ही बघून झाल्यावरच कॉइल कापायचा विचार.

कंडेन्सरचं असं आहे की पंखा नुसता घूं करतो आणि फिरत नाही, किंवा काठीनं ढकलला की फिरतो. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी पंख्यासाठी काठी ठेवलेली असायची? आमच्या आजोळी होती, दाराच्या मागं. कंडेन्सर गेला की स्टार्टिंग वाइंडिंगला हवा तसा करंट मिळत नाही, मग पंख्याला कुठल्या दिशेनं फिरायचं ते कळतच नाही, तुम्ही ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला तो फिरतो, आणि उलटा ढकलला तर उलटाच फिरत राहतो आणि खाली वाराच नाही! त्या काठीनं लोकांनी पाच-पाच वर्षं काढलेली आहेत, आणि दोष निघायचा अडीच मायक्रोफॅरडच्या एका छोट्या डबीत. हळू फिरणाऱ्या पंख्याचंही बऱ्याचदा हेच, कंडेन्सर अशक्त झालेला असतो. फक्त जोर वाढावा म्हणून कुणी दुप्पट व्हॅल्यूचा बसवत असेल तर तसं करू नका, वाइंडिंग तापतं.

या बाबतीत मला एक दुःख आहे ते सांगते. माझ्या संग्रहातला पहिला पंखा जीईसीचा, लांब दांड्याचा, काकांच्या जुन्या घरातला. बाबा तेव्हा आजारी होते आणि मी नोकरीच्या गडबडीत, म्हणून एका दुकानात दिला. तो नुसता घूं करत होता. परत आला तेव्हा फिरत होता, पण तासाभरात बॉडीला हात लावता येईना. उघडून बघितलं तर मूळचं तांब्याचं वाइंडिंग कापून आत ॲल्युमिनियमची तार भरलेली, तीही घाईघाईनं. जुना कंडेन्सर त्यांनी पिशवीत परत दिला होता, तो तपासला तर पूर्ण मेलेला. म्हणजे तेवढाच बदलला असता तर मूळ वाइंडिंग आजही आत असतं. बाबांना मी हे सांगितलं नाही. नंतर मीच परत तांब्यात भरलं, पंखा आता छान चालतो, पण मूळचं ते मूळचं.

तर निपाणीच्या पंख्याकडं येते. त्याची बेअरिंगं खरंच जाम होती. ग्रीस आणि तंबाखूची धूळ मिसळून काकवीसारखा काळा थर झालेला. धूळ आधी कोरड्या ब्रशनं काढली, तोंडाला फडका बांधून, अंगणात. वाइंडिंगवर रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात मारायचं नाही, जुनं व्हार्निश सुटतं. रॉकेल फक्त बेअरिंगांना. एक बेअरिंग धुतल्यावर मोकळं झालं, दुसऱ्याचा आवाज गेला नाही म्हणून बदललं. हल्लीच्या बहुतेक पंख्यांना ६२०१ आणि ६२०२ बसतात, दुकानात नंबर सांगितला की मिळतात, पण जुन्यांचा भरवसा धरू नका, व्हर्नियरनं (बारीक माप घ्यायच्या पट्टीनं) मोजूनच जा. माझा एक पंखा असा आहे की त्याचं माप बाजारात मिळेनाच, उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या भागात, एका लेथवाल्या मामांनी बुश (बेअरिंगच्या जागी बसणारी धातूची नळी) करून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईनात. या गावात हे अजून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली ती इथंच, १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले, पण लोखंड हातात घेऊन विचार करणारी माणसं इथं राहिली असं मला वाटतं.

नवं बेअरिंग बसवताना हातोडा थेट मारायचा नाही, आतल्या रिंगवर नीट बसेल असा पाइपचा तुकडा ठेवून हळूहळू. आणि ग्रीस गच्च भरायचं नाही, एक तृतीयांश पुरे.

आता ओल. हा भाग आपल्या भागाचा खास आहे. बेळगाव अडीच हजार फुटांच्या आसपास, इथं पंखा म्हणजे मार्च ते मे, वळीव पडला की बंद. (आणि मग जुलैत कपडे वाळवायला.) त्यामुळं इथले जुने पंखे फिरलेले फार कमी आहेत, बेअरिंग, शाफ्ट चांगल्या अवस्थेत मिळतात. पण चार महिने पाऊस आणि पंखा बहुतेक बंदच, खानापूरकडं तर विचारूच नका, भिंतींना घाम येतो. तीच ओल वाइंडिंगमध्ये मुरते. पंखा लावला की बॉडीला शॉक, मग घरातले म्हणतात वाइंडिंग गेलं. गेलेलं नसतं, भिजलेलं असतं.

पाचशे व्होल्टचा मेगर (वाइंडिंगमधून बॉडीत करंट गळतो का ते दाखवणारा मीटर, आकडा जितका मोठा तितकं चांगलं) लावला तर या पंख्याचं रीडिंग ०.३ मेगओहम. बाबांचा नियम होता, दोनच्या खाली असेल तर सप्लाय द्यायचा नाही. मग लाकडी खोक्यात कॉइल ठेवली, साठ वॅटचा साधा बल्ब आत, वरून अर्धवट झाकण. आई म्हणाली, "काय करूलालीस गं, एप्रिलात घरात खोका तापवूलालीस?" ('करूलालीस' म्हणजे 'करतेयस'.) पहिल्या दिवशी रीडिंग अजून खाली गेलं. इथंच लोक घाबरतात आणि कात्री घेतात. गरम झाल्यावर आधी ते खाली जातंच, ओल बाहेर निघायला लागली की मग चढतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खोका थंड करून मोजलं तर वीसच्या वर. मग हवेत सुकणारं व्हार्निश ब्रशनं दिलं आणि अजून दोन दिवस थांबले.

पाती मी किराणा दुकानाच्या काट्यावर तोलते. तिन्हींच्या वजनात फरक असेल तर पंखा डुलणारच, आणि फरक बऱ्याचदा कुणीतरी मध्येच मारलेल्या ऑइल पेंटच्या थरांमुळं असतो. दुसऱ्या पंख्याचं पातं याला लावायचं असलं काही करू नका. रंग मी शक्यतो काढत नाही, मूळचा क्रीम रंग जिथं शिल्लक आहे तिथं नुसतं धुते.

जुन्या पंख्यांना अर्थिंग नसतं, ते मी प्रत्येकाला देतेच. हुक, कडी, रबर, कॉटर पिन सगळं नवं, वर एक स्टीलची दोरी वेगळी. एवढं बीड डोक्यावर टांगायचं असतं, यात काटकसर नको.

बिलाचं विचाराल तर नवे बीएलडीसी (चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणारे) पंखे तीस-पस्तीस वॅटवर चालतात आणि साधे पंचाहत्तरच्या आसपास. जानेवारी २०२३ पासून पंख्यांना स्टार लेबलही सक्तीचं झालं. झोपायच्या खोलीत माझ्याकडंही नवाच आहे. पण सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बसून गप्पा मारायच्या असतील तर छप्पन इंची जुना पंखा रेग्युलेटरच्या दोनवर ठेवून बघा. मोटारीला सोळा पोल (चुंबकी टोकं) असतील तर आपल्या पन्नास सायकलच्या विजेवर मिनिटाला ३७५ फेरे ही वरची मर्यादा, प्रत्यक्षात त्याहून कमीच, त्यामुळं तो ओरडत नाही, वारा लांबवर पसरतो, आणि टेबलावरचा पेपर उडत नाही.

निपाणीचा पंखा सोप्यातल्या सागवानी तुळईला टांगला. बेअरिंग तपासायची बाबांची रीत म्हणजे बटण बंद करून बघायचं, पंखा थांबताना झटका घेतो की हळूहळू झोपी जातो. मी त्या दिवशी बटण बंद करायच्या आधीच वळीव आला आणि लाइट गेली. आम्ही दोघी अंधारात खाली बसलो होतो. वारा येतच होता. आईनं मोबाइलचा उजेड वर धरला आणि म्हणाली, "अजून फिरूलालाय बघ."